लेकीला टाइप १ डायबेटिस आहे. स्कूबा करू द्यावं का?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

लेक १९ वर्षांची आहे. अकराव्या वर्षी टाइप १ निघाला. रात्री एकदा लांब पल्ल्याचं इन्सुलिन आणि प्रत्येक जेवणाआधी जलद, दोन्ही पेनने. दंडावर शुगर दाखवणारा सेन्सर असतो. शेवटचं एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ७.६ आलं. पुण्यात हॉस्टेलवर राहते आणि सगळं स्वतः सांभाळते. मी नाशिकहून फोनवर ‘जेवलीस का, टोचलंस का’ एवढंच विचारते, त्याचाही तिला राग येतो.

डिसेंबरात कॉलेजच्या ग्रुपचं मालवण ठरलंय. तिथे ते अर्ध्या तासात समुद्राखाली नेऊन आणतात ना, ते करायचं आहे म्हणे. शिवाय फेब्रुवारीत अंदमानला जाऊन चार दिवसांचा पूर्ण कोर्स करायचा घाट आहे. त्यासाठी वर्षभर शिकवण्या घेऊन पैसे साठवलेत, म्हणजे ‘पैसे नाहीत’ ही सबबही माझ्याकडे उरली नाही.

आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते हसले, ‘जपून करायला सांगा’ म्हणाले आणि पुढचा पेशंट आत बोलावला. आता पाण्याखाली जपून म्हणजे नेमकं कसं, हे मला कोण सांगणार? तिचे बाबा म्हणतात सरळ नाही म्हणून टाक. मला तसं म्हणायचं नाहीये. शाळेचा ट्रेक, आत्याकडची सुट्टी, एनसीसीचा कॅम्प, आमच्या प्रत्येक ‘नाही’चा हिशोब तिच्याकडे तारखेनिशी आहे.

तशी तब्येत उत्तम. जुलैत एकदा हॉस्टेलवर शुगर घसरली होती, रूममेटच्या लक्षात आलं, तिने साखरपाणी पाजलं, दहा मिनिटांत बाईसाहेब ठीक. पण ते परीक्षेचं जागरण आणि मेसला दांडी यामुळे झालं. एरवी काही नाही.

इथे कुणी डायबेटिस असताना स्कूबा करतं का? केलं असेल तर काय काळजी घेता?

सह्याद्रीवेडा

बिनधास्त जाऊ द्या हो. मलाही शुगर आहे, वय ५४, गोळ्या चालू आहेत. गेल्या मार्चमध्ये मालवणला केलं. फॉर्मवर काही लिहिलंच नाही, लिहिलं असतं तर उगाच अडवलं असतं. एक माणूस मागून धरून असतो, आपण फक्त मासे बघायचे. वर आलो आणि दोन प्लेट सुरमई हाणली. काही झालं नाही. एवढं घाबरून पोरांना कशाला डांबून ठेवायचं?

खारट पाणी

ताई, मी करतो. टाइप १, तेवीस वर्षं झाली. वय ३८, राहणार कोल्हापूर, म्हणजे समुद्रापासून घाट उतरण्याइतका लांब. आजवर १३२ डाइव्ह झाल्यात. माझ्या वहीत प्रत्येक डाइव्हशेजारी शुगरचे चार आकडे लिहिलेले असतात, त्यामुळे १३२ हा आकडा फुगवलेला नाही.

आधी कडू ते सांगतो. तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही ‘तशी तब्येत उत्तम’च्या पोटात सरकवून दिलीत. ती जुलैतली.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, ज्याला आम्ही सगळे डॅन म्हणतो, त्यांनी आणि पाण्याखालच्या वैद्यकाच्या अमेरिकेतल्या सोसायटीने २००५ साली डॉक्टर आणि संशोधक एकत्र बसवले आणि मधुमेहींच्या हौशी डायव्हिंगसाठी नियम काढले. त्याआधी बऱ्याच ठिकाणी इन्सुलिन म्हटलं की दार बंद असायचं. आता दार उघडं आहे, फक्त उंबरा आहे. वय १८ पूर्ण हवं. इन्सुलिन सुरू होऊन किमान वर्ष झालेलं हवं. एचबीए१सी नऊच्या वर नको. डोळे, किडनी, नसा यांवर साखरेने हात मारलेला नको. इथपर्यंत तुमची लेक आरामात पास आहे. पुढच्या दोन अटी अशा: गेल्या वर्षभरात गंभीर हायपो, म्हणजे दुसऱ्या कुणाची मदत लागावी इतकी शुगर उतरलेली नको. आणि शुगर उतरायला लागली की ती ज्याची त्याला कळली पाहिजे.

जुलैत मदत लागली का? लागली. आधी कुणाच्या लक्षात आलं? तुम्हीच लिहिलंय, रूममेटच्या. हॉस्टेलच्या खोलीत रूममेट असते. बारा मीटर खोल तिच्या तोंडात रेग्युलेटर, म्हणजे सिलेंडरची हवा देणारं तोंडातलं यंत्र, असतो आणि लक्ष समोरच्या कासवाकडे असतं.

जागरण आणि मेसला दांडी हे कारण मला पटतं. पण ताई, डाइव्ह ट्रिप म्हणजे तरी दुसरं काय असतं? पहाटे साडेपाचला उठवतात, बोटीवर निम्म्यांना मळमळतं, नाश्ता अर्धा पोटात तर अर्धा समुद्रात, आणि आदल्या रात्री किनाऱ्यावर पोरं काय पितात ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. रात्रीच्या दारूने शुगर दुसऱ्या दिवशी सकाळी उतरते, हे तिला माहीत असेलच, तरी एकदा म्हणून ठेवा.

तेव्हा माझ्या हिशोबाने फेब्रुवारी होत नाही. पुढच्या जुलैत वर्ष भरतं. तेव्हा समुद्र बंद असतो, म्हणजे ऑक्टोबर. मधल्या काळात एकही मोठा लो (शुगर उतरली की आम्ही ‘लो’ म्हणतो) आला नाही आणि छोटे लो तिला स्वतःला कळताहेत अशी डॉक्टरांची खात्री पटली, की खुशाल जाऊ द्या. तुम्ही ‘नाही’ म्हणाल तेव्हा सोबत ही तारीखही सांगा. आमच्यासारख्यांना नुसतं ‘नाही’ ऐकायची सवय असते, तारीख कुणी देत नाही.

आता मालवणचं. लोकांना वाटतं कोर्स म्हणजे धोका आणि ती अर्ध्या तासाची गंमत म्हणजे पोरखेळ. टाइप १ वाल्यासाठी मला ते नेमकं उलटं वाटतं. खोली कमी असते, कबूल. पण शिक्षण काही नसतं, इशारे दोनच शिकवतात, मागे धरणारा माणूस तुम्हाला दहा मिनिटांपूर्वी भेटलेला असतो. आणि नंबर कधी लागेल याचा भरवसा नाही. साडेआठला नाश्ता करून टोचलं, नंबर लागला साडेअकराला, मधले तीन तास उन्हात बोटीवर. डॅनचे हे सगळे नियम पाळणं ज्याला स्वतःचं स्वतः वर येता येतं अशा शिकलेल्या डायव्हरलाच जमतं, असं मला वाटतं. डिसेंबरात तिने स्नॉर्केलिंग करावं. तोंड पाण्याच्या वर काढलं की खाता येतं, हा फार मोठा फरक आहे. त्यालाही शुगर मोजूनच उतरायचं आणि बरोबर कुणीतरी ठेवायचं, पण होतं ते. आणि सिंधुदुर्ग किल्ला आतून नीट बघा म्हणावं, स्कूबाच्या नादात पोरं तो बोटीतूनच बघून परत येतात.

लो पाण्याखाली वाईट का, तर तिथे तो ओळखू येत नाही. जमिनीवर आपल्याला दरदरून घाम फुटतो. पाण्यात घाम कुठला दिसणार? हात थरथरले तर वाटतं गारठलो, कारण २८ अंशाचं पाणीसुद्धा पाऊण तासात अंगातली ऊब काढून घेतं. डोकं जड झालं, काही सुचेना, तर वाटतं खोलीमुळे हवेतला नायट्रोजन दारूसारखा चढला. वर आल्यावर कुणी बरळायला लागलं तर बोटीवरच्यांना डीकम्प्रेशनचा, म्हणजे वर येताना अंगात वायूचे बुडबुडे होऊन होणारा, त्रास वाटतो आणि शुगर मोजायचं कुणाच्याच मनात येत नाही. आणि खाली शुद्ध गेली की तोंडातला रेग्युलेटर सुटतो. त्यापुढचं लिहीत नाही.

म्हणून नियम असा की उतरायच्या एक तास आधी मोजायची, अर्धा तास आधी मोजायची आणि अगदी उतरताना मोजायची. १५० च्या खाली असेल तर नाही. ३०० च्या वर असेल तरी नाही. आणि मधे असली तरी ती स्थिर हवी किंवा चढती हवी. हा शेवटचा भाग सगळे विसरतात. मीही विसरणार होतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नेत्राणी बेट, कर्नाटकातल्या मुरुडेश्वरहून बोटीने सव्वा तास. त्या आठवड्यात व्हेल शार्क दिसल्याची आवई होती, त्यामुळे बोट भरलेली आणि सगळे घाईवर. तासभर आधी माझी शुगर २१४. मी खूश. अर्ध्या तासाने १८७. सूट चढवला, सिलेंडर पाठीवर, फिन्स पायात, बोटीच्या काठावर पाठ समुद्राकडे करून बसलो आणि शेवटची मोजली. १५६.

१५६ म्हणजे १५० च्या वर. कागदावर पास. बडीने, म्हणजे जोडीने उतरणाऱ्या साथीदाराने, अंगठा आणि तर्जनी जुळवून ‘ओके?’ विचारलं, माझाही हात तसाच वर गेला. तेवढ्यात मीटर बंद करताना मागचे दोन आकडे पुन्हा दिसले. २१४, १८७, १५६. दर अर्ध्या तासाला तीसेक उतरतेय. आणि आम्ही पाऊण तास खाली राहणार होतो, पाय मारत, १८ मीटरवर. चौथीच्या पोराला येणारं गणित आहे, पण पाठीवर सिलेंडर असलं की ते येत नाही.

मी फिन्स काढल्या. आठ माणसं माझ्याकडे बघत होती. म्हणालो, तुम्ही जा, मी ही सोडतो. बडीला दुसऱ्या जोडीबरोबर तिसरा म्हणून जावं लागलं, तो काही बोलला नाही पण त्याचा चेहरा बोलला. तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, पार्ले-जीचा अर्धा पुडा पुढे केला, मी दोन बिस्किटं खाल्ली. पंचवीस मिनिटांनी मोजली तर ११८, बिस्किटं पोटात असताना आणि हातपाय न हलवता. खाली असतो तर किती असती ते मी मांडून बघितलं नाही.

मंडळी वर आली. व्हेल शार्क दिसला नव्हता. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. बोट ठरल्यापेक्षा तासभर आधी सुटली, म्हणजे नाश्त्याचं जलद इन्सुलिन अजून ड्युटीवर होतं. वर उत्साहात मी चार सिलेंडर उचलून दिले होते. तेव्हापासून डाइव्हच्या दिवशीचा नाश्ता आणि डोस मी डॉक्टरांबरोबर बसून वेगळा ठरवून घेतलाय. किती ते इथे लिहिणार नाही, कारण कुणीतरी ते स्वतःला लावेल.

सामानाचं थोडक्यात. बीसीडीच्या, म्हणजे हवा भरून तरंगायच्या जॅकेटच्या, उजव्या खिशात साखरेच्या जेलच्या दोन ट्यूब, सायकलवाले खातात त्या. ग्लुकोजच्या गोळ्या नकोत, खारं पाणी लागून त्यांचा चिखल होतो. (कसा ते मला विचारू नका, तो खिसा अजून चिकट आहे.) बोट टोचण्याआधी गोड्या पाण्याने धुऊन पंच्याने कोरडं करायचं. ओल्या बोटावर आकडा भलताच येतो आणि बोटाला जेल लागलेलं असेल तर त्याहून भलता. मीटर, पट्ट्या, पेन हे सगळं सावलीत बंद डब्यात. सेन्सरवर विसंबू नका. तिच्याकडे जो असेल त्याच्या खोक्यावरच लिहिलेलं असेल, माझ्यावर एक मीटर आणि अर्धा तास असं आहे. पाण्याखाली तो फोनशी बोलत नाही आणि तसाही रक्तापेक्षा काही मिनिटं मागे चालतो. मात्र कल कुठे आहे ते बघायला उतरण्याआधी उत्तम. सेन्सरच्या बाणाची दिशा बघा, आकडा बोटाचा घ्या.

बडी असा हवा की ज्याला स्वतःला डायबेटिस नाही आणि ज्याला ‘एल’ माहीत आहे. अंगठा आणि तर्जनी ताणून इंग्रजी एल, म्हणजे लो. हा इशारा दाखवला की प्रश्न नाहीत, चर्चा नाही, दोघांनी मिळून शिस्तीत वर यायचं, जॅकेट फुगवायचं, मग खायचं, मग पाण्याबाहेर. त्या दिवशी परत उतरायचं नाही. मी प्रत्येक नव्या बडीकडून तो इशारा बोटीवर दोनदा करून घेतो. कॉलेजची पोरं एलला हसतात, हसू देत.

खोली ३० मीटरच्या आत, वेळ तासाच्या आत, गुहा आणि बुडालेल्या जहाजाच्या पोटात नाही. या नियमाने माझं आजवर काहीही अडलेलं नाही. आपल्याकडचं बघण्यासारखं बरंचसं वीस मीटरच्या वरच आहे.

आणि रात्री. डाइव्हनंतर बारा ते पंधरा तास मोजत राहायचं. सगळे सांभाळून पाण्यातून वर येतात आणि घोटाळा रात्री दोनला अंथरुणात होतो. झोपताना एकदा, मधे गजर लावून एकदा.

तळकोकण

वरच्या खारट पाणी यांच्याशी सहमत. मी मालवणचाच, अंदमानात पाच सीझन शिकवलं, आता परत घरी. धंद्यात राहून लिहितोय, त्यामुळे आमच्यातलेच काही रागावतील.

फॉर्मबद्दल बोलतो. त्यावर डायबेटिसचा सरळ प्रश्न असतो. ‘हो’ आलं की डॉक्टरांची सही लागते, त्यासाठी मागे डॉक्टरांचं वेगळं पान असतं. शिकवणारा ‘हो’ वाचून घाबरत नाही, ‘हो’ लपवलेल्याला वर ओढून आणावं लागतं तेव्हा घाबरतो. माझ्या हाताखाली एक पुण्याचा मुलगा होता, पहिल्याच फोनला त्याने टाइप १ असल्याचं सांगितलं. आम्ही त्याच्या डाइव्ह दिवसाच्या पहिल्या ठेवल्या, एकाला एक शिकवणारा दिला, ग्लुकागॉनचं, म्हणजे शुगर पटकन वर आणणारं, इंजेक्शन तो घेऊन आला होता आणि ते कसं भरायचं ते बोटीवरच्या दोघांना त्याने स्वतः शिकवलं. कोर्स सहा दिवस चालला, चार नाही. दोन सकाळी त्याचे आकडे बसले नाहीत म्हणून आम्ही किनाऱ्यावर गाठी मारायला शिकलो.

ताई, कुठेही फोन कराल तेव्हा आधी डायबेटिसचं सांगा आणि समोरचा काय म्हणतो ते ऐका. ‘नाय म्हणान लिवा, काय एक होऊचा नाय’ असं उत्तर आलं तर फोन ठेवून द्या, मग तो माझा चुलतभाऊ का असेना. बोटीवर ऑक्सिजन असतो का, हेही विचारा. नीट माणूस या प्रश्नाला चिडत नाही.

गर्दीच्या दिवसांत, म्हणजे नाताळ ते एक जानेवारी, आमच्याकडे येऊच नका. हे मात्र सगळ्यांनाच सांगतो.

जुना स्टेथो

मी फिजिशियन होतो, आता निवृत्त. धागा मुलीचा आहे, पण मला श्री. सह्याद्रीवेडा यांच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत, कारण त्यांच्यासारखे वाचक इथे जास्त असणार.

‘गोळ्या’ म्हणजे कुठल्या? नुसती मेटफॉर्मिन असेल तर तिने शुगर एकदम तळाला जाणं क्वचित. पण आपल्याकडे बऱ्याच जणांच्या गोळीत तिच्या जोडीला ग्लिमेपिराइड असतं, एकाच गोळीत दोन औषधं, आणि पेशंटला ते माहीतच नसतं. ग्लिमेपिराइडने व्यवस्थित हायपो होतो. स्ट्रिपच्या मागे बघा. नाव ‘ग्लिफ्लोझिन’ने संपत असेल तर ते औषध लघवीवाटे साखर आणि पाणी दोन्ही बाहेर टाकतं. बोटीवर लघवीची सोय नाही म्हणून माणसं सकाळपासून पाणी पीत नाहीत, वर ऊन, वर हे औषध. शरीर कोरडं पडलेलं असताना खोल पाण्यात जाऊ नये. बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर हायपोमधली छातीची धडधड झाकली जाते, म्हणजे धोक्याची घंटाच काढून ठेवल्यासारखं.

आणि याहून मोठं: हृदय. चाळिशी ओलांडलेल्या मधुमेहीला छातीत न दुखताही हृदयाचा रक्तपुरवठा अपुरा असू शकतो. म्हणून त्याच २००५ च्या नियमांत चाळिशीपुढच्यांसाठी हृदयाची तपासणी सांगितली आहे. प्रवाहाविरुद्ध पाच मिनिटं पाय मारणं हीसुद्धा एक स्ट्रेस टेस्टच असते, फक्त तिथे शेजारी डॉक्टर नसतो. तुम्हाला काही झालं नाही याचा आनंद आहे. पुढच्या वेळी आधी ट्रेडमिलवर चाला.

पायाकडेही बघा. भाड्याचे फिन्स घासतात, खडकाचं बारीक खरचटतं, बधिर पायाला ते समजत नाही.

मुलीबद्दल: ऑक्टोबरचा सल्ला बरोबर आहे. तिच्या डॉक्टरांना तोंडी विचारू नका, नियमांची छापील प्रत आणि फॉर्मचं पान घेऊन जा, त्यासाठी वेगळी वेळ मागून घ्या. ओपीडीत तीन मिनिटांत कुणीही ‘जपून करा’ एवढंच म्हणेल, मीही असंच म्हटलेलं आहे. एक गोष्ट रूममेटला आवर्जून सांगा. मुलगी शुद्धीवर असेल, गिळत असेल, तरच साखरपाणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, कुशीवर वळवायचं, ग्लुकागॉन असेल तर द्यायचं आणि दवाखाना गाठायचा.

सह्याद्रीवेडा

स्ट्रिप बघितली. ग्लिमेपिराइड २ आणि मेटफॉर्मिन ५०० असं छापलंय. आठ वर्षं घेतोय. डॉक्टरसाहेब, वर जे ‘बिनधास्त’ लिहिलंय ते मागे घेतो. प्रतिसाद संपादित करता येत नाहीये, नाहीतर काढलंच असतं.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण घरी युद्ध चालू होतं.

शनिवारी ती आली तेव्हा धागा तिच्यापुढे ठेवला. आधी चिडली, ‘माझी जुलैची गोष्ट तू चव्हाट्यावर मांडलीस’ म्हणून. ते खरंच आहे, मी तिला न विचारता लिहिलं. मग खारट पाणी यांचं सगळं वाचलं, दोनदा. मग मला एक गोष्ट सांगितली जी मला आजवर माहीत नव्हती. जुलैत ती झोपलेली नव्हती. अभ्यास करत होती आणि एकच ओळ वहीत चार वेळा लिहिली होती. तिला वाटलं डोळे थकलेत. रूममेटने वही बघितली.

वही तिने जपून ठेवलीय. दाखवली मला. चौथ्या ओळीतलं अक्षर रेघेवरून खाली घसरत गेलंय.

अंदमानचं बुकिंग केलेलं नव्हतं, नुसती चौकशी होती, ती थांबवली. मालवणला जाईल, स्नॉर्केलिंग करेल, आणि रूममेटही त्याच ग्रुपमध्ये आहे. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे कागद घेऊन जायचं ठरलंय, वेळ तिने स्वतः फोन करून घेतली, वीस मिनिटांची. ‘वीस मिनिटं कशाला’ असं रिसेप्शनवर विचारलं तर म्हणाली समुद्राबद्दल बोलायचंय.

तिच्या बाबांनी धागा वाचला का ते माहीत नाही. काल रात्री जेवताना ताटाशेजारी अंगठा आणि तर्जनी ताणून ‘हे असंच ना?’ असं तिला विचारत होते.

खारट पाणी, तिचा एक प्रश्न आहे, तसाच्या तसा लिहिते: ‘काकांना विचार, जेलची ट्यूब पाण्याखाली दाताने फोडता येते का?’

खारट पाणी

फोडता येते, मी स्विमिंग पूलमध्ये करून बघितलंय. पण समुद्रात मी ती कधी खाली फोडली नाही. आधी वर यायचं, जॅकेट फुगवायचं, मग फोडायची. ट्यूबच्या टोकाला आधीच नखाने छोटी खाच पाडून ठेव म्हणावं, ओल्या बोटांना ती सापडते.

आणि ‘काका’ नको, ३८ वय आहे माझं. दादा चालेल.